कोपऱ्यावरची शिडी

‘अमेरिकेत उजव्या मतांचे लोकही रान वाचवायला रस्त्यावर उतरतात म्हणे,’ संपादक म्हणाले. ‘डेन्व्हरला तुमचा भाचा आहेच, राहायचा खर्च नाही.’ असे लेख असेच ठरतात.

२०२५च्या जूनमध्ये भाच्याची गाडी घेऊन मी वायोमिंगमध्ये शिरले. इंटरस्टेट ८० वर वारा असा, की सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं. हिवाळ्यातला बर्फ रस्त्यावर येऊ नये म्हणून कडेला लाकडी कुंपणांच्या रांगाच्या रांगा आहेत. दक्षिणेला अकरा हजार फुटांहून उंच एल्क माउंटन एकटाच उभा. इथल्या माणसांचं मत वर्षानुवर्षं रिपब्लिकन पक्षाला जातं, आणि शरद ऋतूत घरटी एखादी तरी बंदूक शिकारीला बाहेर पडते. मला रान वाचवणाऱ्या शिकाऱ्यांच्या संघटनांचा इतिहास लिहायचा होता. वहीत थिओडोर रूझवेल्ट आणि १८८७ साली स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब येऊनही बसले होते. पण मी अडकले ते एका शिडीपाशी.

शिडीआधी जमीन समजून घ्यायला हवी. चौकटींची वही डोळ्यांपुढे आणा. १८६२ साली अमेरिकी संसदेने प्रशांत महासागराकडे रेल्वे नेणाऱ्या कंपन्यांना जमीन दिली. रुळांच्या दोन्ही बाजूंना एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौकोन आखले. विषम क्रमांकाचे रेल्वेला, सम क्रमांकाचे सरकारला. दोन वर्षांनी देणगीचा पट्टा आणखी रुंद केला. रेल्वे आली की आपल्या चौकोनांचाही भाव वधारेल, हा सरकारचा हिशेब. रेल्वेने आपले चौकोन विकले, ते पशुपालकांनी घेतले. सरकारचे पुष्कळसे तसेच पडून राहिले. म्हणजे आज बुद्धिबळाच्या पटावरची काळी घरं खासगी आणि पांढरी जनतेची, प्रत्येकी ६४० एकरांची. आता पांढऱ्या घरातून पुढच्या पांढऱ्या घरात जायचं कसं? दोन्ही एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतात. बिंदूला लांबी-रुंदी नसते हे आपण शाळेत घोकलं. माणसाला मात्र खांदे असतात. कोपरा ओलांडताना ते शेजारच्या काळ्या घरावरच्या हवेत शिरतात, आणि ती हवाही मालकाची, असं मालकांचं म्हणणं. शिकाऱ्यांसाठी नकाशे बनवणाऱ्या ऑनएक्स या कंपनीने २०२२ साली मोजदाद केली: असे २७,१२० कोपरे, आणि त्यांच्यामागे अडकलेली ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन.

२०२० मध्ये मिसूरीहून आलेले काही शिकारी एल्क माउंटनच्या पायथ्याशी अशाच एका कोपऱ्यावर पोचले. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. कोपऱ्यावर मोजणीची खूण होती. तिच्या दोन बाजूंना रँचवाल्याने आपल्या हद्दीत एकेक लोखंडी खांब ठोकून मध्ये साखळी लावली होती, वर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या. हे गडी खांबाला धरून झोका घेतल्यासारखे पलीकडे गेले. पुढच्या वर्षी येताना त्यांनी घडीची पोलादी शिडी आणली. दोन पाय या पांढऱ्या घरात, दोन पाय त्या पांढऱ्या घरात, मध्ये खाली साखळी. एका बाजूने चढायचं, दुसरीकडून उतरायचं. खांबाला हात नाही, मातीला पाय नाही.

तरी खटला झाला. २०२२ साली रॉलिन्समध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावाही लावला होता. लोक असे कोपरे ओलांडू लागले तर रँचची किंमत ७५ लाख डॉलरहून अधिक घसरेल, असं त्याच्या बाजूने मांडलं गेलं. शिकाऱ्यांच्या वकिलांसाठी बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स या संघटनेच्या वायोमिंग शाखेने वर्गणी गोळा केली. निकाल २०२३ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने लागला, आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. आधार कुठला, तर १८८५चा एक कायदा. बड्या गुरंवाल्यांनी सरकारी कुरणं कुंपणात घालू नयेत म्हणून तो केला होता. गुरांच्या भांडणातून निघालेला कायदा सव्वाशेहून अधिक वर्षांनी माणसांच्या कामी आला.

त्या वर्गणीत आपलेही वीस डॉलर होते, असं मला एका म्हाताऱ्याने सांगितलं. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलेला, रेगनपासून एकाच पक्षाला मत देणारा. उन्हाळ्यात तो चार-सहा जणांना घेऊन सरकारी जमिनीवरची निकामी काटेरी कुंपणं काढतो. मीही एक दिवस गेले. काम दिसायला सोपं आहे. लाकडी खांबात रुतलेला यू-खिळा पकडीने उपटायचा, तार सुटी करायची, मग वाकून ती हाताच्या फेऱ्यांनी गुंडाळत पुढे सरकायचं. पण गंजलेली तार ताणलेली असते. सुटली की सापासारखी उसळते. दुपारपर्यंत माझ्या दोन्ही बाह्या फाटल्या. तो म्हणाला, ‘तारेकडे बघ, खिळ्याकडे नको.’

ही कुंपणं काढायची प्रॉन्गहॉर्नसाठी. हरणासारखा दिसणारा हा प्राणी ताशी ५० मैलांहून वेगाने धावतो, पण उडी मारायला नाखूश. कुंपण आलं की खालून सरपटतो. पाठ सोलवटते, केस तारेला लटकून राहतात. असा एक पांढरा पुंजका म्हाताऱ्याने मला दाखवला आणि खिशात टाकला. जिथे कुंपण लागतंच, तिथे सर्वांत खालची तार बिनकाट्यांची आणि जमिनीपासून निदान १६ इंच वर ठेवतात.

मी विचारलं, तुमचा पक्ष तर मालकी हक्काचा कैवारी. तो म्हणाला, ‘मी पण. माझ्या घराचं कुंपण कोणी ओलांडलं तर शेरीफला बोलावीन. पण हे रान माझ्या मालकीचं आहे, आणि माझ्याच मालकीत मला जाऊ देत नाहीत.’ मला हे पटलं. पण रँचवाल्याला निव्वळ खलनायकही करता येईना. त्याच्या काळ्या घरांवर बंगले उठलेले नाहीत म्हणून तर एल्कचे कळप तिथे टिकले. उद्या प्रत्येक कोपऱ्यावर शिडी लागली तर ते कळप कुठे जातील, याचं उत्तर म्हाताऱ्याकडेही नव्हतं.

त्याच आठवड्यात सगळ्यांची तोंडं दुसरीकडे वळली होती. युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकात वीस लाख एकरांहून अधिक संघीय जमीन विकायचं कलम घातलं होतं. घरं बांधायला जमीन हवी, हे कारण. घरं महाग आहेत हे खोटं नाही. पण शिकारी आणि मासेमार भडकले, फोन खणखणले, मोंटाना आणि आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटरही विरोधात गेले. २८ जूनला कलम मागे घेतलं गेलं. २०१७ मध्येही असंच घडलं होतं: युटाचेच तेव्हाचे रिपब्लिकन प्रतिनिधी जेसन चेफेट्झ यांनी ३३ लाख एकर विकायचं विधेयक आणलं आणि शिकाऱ्यांच्या संतापापुढे काही दिवसांत गुंडाळलं. मी म्हाताऱ्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, ‘आम्हाला दर वेळी जिंकावं लागतं. त्यांना एकदाच.’

पुढे ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिडीच्या खटल्यातली मालकाची याचिका ऐकायला नकार दिला. तरी निकालाची हद्द दहाव्या सर्किटपुरतीच, म्हणजे वायोमिंगसह सहा राज्यांपुरती. उत्तरेला लागूनच असलेलं मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं, आणि कोपरा ओलांडणं बेकायदाच, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची भूमिका. शिवाय बॅककंट्री हंटर्ससारख्या शिकाऱ्यांच्या संघटना म्हणजे डाव्यांनी पाण्यात सोडलेली लाकडी बदकं, असा जुना आरोप आहेच. खऱ्या बदकांना भुलवायला शिकारी असली बदकं सोडतात, त्यामुळे तो या लोकांना फार झोंबतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्याने एक कोपरा दाखवला. गवतात पाइपवर बसवलेली पितळी चकती, तिच्यावर कोरलेले चार चौकोनांचे क्रमांक. बस्स. त्याने टोपी काढली, खांदे आत घेतले आणि एक ढांग टाकली.

‘तुमच्याकडे दुसऱ्याच्या शेतापलीकडे कसे जातात?’ त्याने पलीकडून विचारलं.

मी सांगितलं, की शेताला वाट नसेल तर आमच्याकडे तहसीलदार बांधावरून देतो. महसूल अधिनियमात १४३ वं कलमच आहे. त्याला बांध कळेना. मग मी हातांनी दाखवलं: एवढा रुंद, मातीचा, वर गवत.

‘म्हणजे तुमच्या हद्दीला रुंदी असते?’

असते, म्हटलं. पण शेजारी दरवर्षी नांगर जरा आत घालतो.

तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला आणि तारेचं भेंडोळं उचलून ट्रककडे चालू लागला.