आवृत्ती बदलावी का?

आखनमधल्या आमच्या मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. अभियांत्रिकीत डॉक्टरेट केल्याची ही शिक्षा! २०१८ च्या गणेशोत्सवाच्या नावनोंदणीत पाने इतकी हळू उघडू लागली, की कार्यकारिणीने विचारले, पीएचपी ५.६ सोडून ७ वर गेलो तर वेग वाढेल ना?

डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीच्या वेगाची कीर्ती खोटी नव्हती. वेगवेगळ्या फडताळांतल्या मसाल्याच्या बरण्या काढून सगळे मिसळणाच्या डब्यात भरावे, तशी तिने माहितीची मांडणी आटोपशीर केली. अ‍ॅरेतल्या एका घटकाच्या नोंदीला पूर्वी ७२ बाइट लागत, ते ३२ वर आले. मेमरीत धावाधाव कमी, म्हणून वेग जास्त.

पण समजा, पान उघडायला ४ सेकंद लागतात आणि त्यांतला १ सेकंदच पीएचपीचा आहे. भाषा दुप्पट वेगवान केली तरी वाचतो अर्धा सेकंद! म्हणून मी आधी वेळ मोजली. आमचा बहुतेक वेळ डेटाबेसमध्ये जात होता. सभासदांच्या तक्त्याला इंडेक्सच नव्हता. शिवाय छायाचित्रे कॅमेऱ्यातून काढली तशीच चढवलेली. एका संध्याकाळी दोन्ही दुरुस्त केले आणि तक्रारी थांबल्या.

तरीही आवृत्ती बदलायचे ठरवले, ते सुरक्षेसाठी. ५.६ च्या सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला संपणार होत्या, आणि आमच्याकडे सभासदांचे पत्ते, फोन, वर्गणीसाठी बँकेचे क्रमांकही होते.

खरी धास्ती पुढेच होती. डेटाबेसशी बोलणारी जुनी 'मायएसक्यूएल' फंक्शने ७.० मधून काढून टाकली होती. ती बदलून चाचणी-प्रत चालवली, तर सगळे मराठी लेख अगम्य चिन्हांनी भरलेले! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे. आमचा जुना प्रोग्राम त्या तीन बाइटांना तीन युरोपीय अक्षरे समजून साठवत असे आणि वाचताना तीच चूक उलटी करत असे. त्यामुळे कोणाला कळलेच नाही. नवा प्रोग्राम बरोबर वाचू लागला आणि चूक उघडी पडली. त्यांत एका आजींच्या आठवणी होत्या. आजी आता नाहीत, हस्तलिखितही सापडत नाही. जुन्या डेटाची प्रत बाजूला ठेवून एकेक तक्ता दुरुस्त केला, त्यांचा लेख शेवटपर्यंत वाचून पाहिला आणि मगच डिसेंबरात नवी आवृत्ती चालू केली.

नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आली तेव्हा तिच्यातल्या 'जिट'बद्दल पुन्हा विचारणा झाली. ते मुख्यतः आकडेमोडीच्या कामांना उपयोगी. आमच्यासारख्या संकेतस्थळाला त्याचा फरक फारसा जाणवत नाही, हे मी तेव्हाच सांगून टाकले.