शिसपेन्सिलीत शिसे नसते : ग्रॅफाइट आणि त्याची बाजारपेठ

आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे मुळीच नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे एक काळा, मऊ, चकचकीत दगड सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला आणि नाव चिकटले ते चिकटलेच. तो कार्बन आहे हे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ मध्ये दाखविले. पुढे १७८९ मध्ये ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव मिळाले.

बेल्लमपल्लीकरांना कार्बनची ओळख करून द्यायला नको. सिंगरेणीचे काम येथे १९२८ च्या सुमारास आले आणि आपल्या पुष्कळ घरांची चूल कोळशाच्या पगारावर पेटली. कोळशात कार्बनबरोबर राख, ओलावा व वायुरूप होणारे पदार्थही असतात. ग्रॅफाइट हा मात्र जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याचे अणू एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखे थरांत रचलेले असतात. थर सहज घसरतात म्हणून तो कागदावर उमटतो व वंगणाचेही काम करतो. शिवाय तो वीज वाहतो आणि प्रचंड उष्णता सोसतो.

याची खात्री घरीच करता येईल. दोन्ही टोके तासलेली पेन्सिल, टॉर्चचे दोन सेल, तारा व लहान एलईडी दिवा जोडून पाहा. पेन्सिलीतून वीज जाऊन दिवा लागेल. घरातील विजेच्या बोर्डावर मात्र हा प्रयोग कधीही करू नये.

या गुणांमुळे ग्रॅफाइटचे उपयोग अनेक आहेत. धातू वितळविण्याची मूस, मिक्सरच्या मोटारीतील कार्बन ब्रश, विजेच्या भट्टीत पोलाद वितळविणारे जाड इलेक्ट्रोड, आणि आता मोबाइल व विजेवरील गाड्यांच्या बॅटऱ्या. लिथियम बॅटरीचे नाव लिथियमवरून पडले असले तरी तिच्यात वजनाने ग्रॅफाइटच कितीतरी जास्त असते.

कोळसा आहे, मग येथे ग्रॅफाइट का होऊ नये, असा प्रश्न पालकांना पडेल. ग्रॅफाइट खाणीतून मिळते तसे कारखान्यातही बनते. पेट्रोलियम कोक आणि कोळशाच्या डांबरापासून काढलेला पिच एकत्र करून सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला जातो. नाशिक, दुर्गापूर आणि भोपाळजवळील मंडीदीप येथे असे इलेक्ट्रोड बनविण्याचे कारखाने उभे राहिले. परंतु ते डांबर कोक होणाऱ्या कोळशापासून मिळते. सिंगरेणीचा कोळसा त्या जातीचा नाही. तो मुख्यतः वीजनिर्मितीसाठी जातो.

आता बाजाराकडे पाहू. २०१७ मध्ये इलेक्ट्रोडचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले आणि २०१९ पर्यंत पुन्हा कोसळले. बॅटऱ्यांमुळे मागणी वाढत आहे, पण खाणकाम आणि त्याहूनही अधिक शुद्धीकरण चीनच्या हाती आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने बॅटरीसाठी लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा सारे जग सावध झाले. भारतानेही २०२३ मध्ये ज्या ३० खनिजांना अत्यावश्यक ठरविले, त्यांत ग्रॅफाइट आहे. जानेवारी २०२५ मध्ये अशा खनिजांसाठी राष्ट्रीय अभियानही मंजूर झाले.

आपल्या देशात ग्रॅफाइटचे सर्वाधिक साठे अरुणाचल प्रदेशात आहेत, पण उत्पादन मुख्यतः ओडिशा, झारखंड व तमिळनाडूत झाले. याचा अर्थ असा की खनिज जमिनीत असणे वेगळे आणि ते बाजारात आणणे वेगळे. बॅटरीसाठी ग्रॅफाइट ९९.९ टक्क्यांहून अधिक शुद्ध लागते, त्याचे कण गोलसर करून घ्यावे लागतात. खरी किंमत त्या कामाची आहे. शिवाय चीनचा स्वस्त माल आणि ग्रॅफाइटची जागा अंशतः घेऊ पाहणारे सिलिकॉन, ही दोन आव्हाने आहेतच. मागणी वाढेल, पण भाव सरळ रेषेत चढतील असे कोणी धरून चालू नये.

पालकहो व विश्वस्त मंडळी, खाण बंद झाली की गावाचे काय होते हे आपल्याला सांगावे लागत नाही. येथील भूमिगत खाणी एकेक करून बंद होताना आपण पाहिल्या आहेत. ग्रॅफाइटची खाण बेल्लमपल्लीत येणार नाही, परंतु ग्रॅफाइट शुद्ध करणारा, भट्टी सांभाळणारा, बॅटरी तपासणारा माणूस येथून जाऊ शकतो. त्यासाठी मुलामुलींचे रसायनशास्त्र व गणित पक्के हवे, आणि आयटीआय वा पॉलिटेक्निकला कमी लेखणे सोडायला हवे. प्रयोगशाळेसाठी आम्ही दरवर्षी आपल्याकडे हात पसरतो, तो याच कारणाने.