मन का रमत नाही?

पुस्तक उघडून बसावे आणि एकाच ओळीवरून डोळे चार वेळा फिरावेत, असे तुमचे होते ना? मग घरचे म्हणतात, "तुझे लक्षच नाही!" पण दोष दर वेळी तुमचाच असतो का? तुम्ही जिथे बसता त्या जागेचाही त्यात वाटा असतो. कसा, ते सोलापुरात पाहू.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. पुढे चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग वाढले. शहराच्या पूर्व भागात घर आणि माग अनेक ठिकाणी भिंतीला भिंत लावून असतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. मागाच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपट होते! "आम्हाला सवय झाली आहे," असे तिथली मुले सांगतील. पण आवाज कानावर पडतच असतो. तो बाजूला सारण्याचे काम मेंदूला करावे लागते आणि त्यात तो थकतो.

याचा पुरावा न्यूयॉर्कच्या एका शाळेत मिळाला. शाळेच्या एका बाजूने उंच पुलावरून आगगाड्या धडधडत जात. ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी १९७५ साली दाखवले, की त्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. पुढे रुळांखाली रबर बसवले, वर्गांत ध्वनिशोषक छत घातले आणि हा फरक नाहीसा झाला. मुले तशीच होती. बदलला होता तो आवाज.

आता उन्हाळा घ्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. दगड आणि सिमेंट दिवसभर उष्णता साठवतात व रात्री ती सोडतात. झोप नीट होत नाही आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. झाडाची पाने मात्र पाण्याची वाफ सोडतात. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने झाडाभोवतीची हवाही थोडी गार राहते.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी माणसे निवांत बसलेली दिसतात. समोर पाणी, मधोमध मंदिर, शेजारी किल्ल्याची तटबंदी. तिथे बरे का वाटते? स्टीफन आणि रेचल कॅप्लन या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या मते, गणित सोडवताना लक्ष ओढून धरावे लागते. पाण्याच्या लाटा, हलणारी पाने यांकडे ते आपोआप जाते, आणि दमलेल्या मनाला विसावा मिळतो. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली.

अर्थात मन खिन्न होण्यास आजार, काळजी अशी इतर कारणेही असतात. पण जागेचा परिणाम तुम्ही स्वतः मोजू शकता. आठ दिवस रोज एकाच वेळी सारख्याच अवघडपणाची दहा गणिते सोडवा: एक दिवस नेहमीच्या जागी, दुसऱ्या दिवशी झाडाखाली किंवा शांत खोलीत, असे आलटून पालटून. लागलेला वेळ, चुका आणि त्या वेळचे मन (१ ते ५ गुण) वहीत मांडा. दोन्ही जागांची सरासरी काढा.

फरक दिसला, तर ती वही घरी आणि शाळेत दाखवा. खिडकीकडे तोंड करून बसणे, पाठांतर माग बंद असताना करणे, अंगणात एक कडुलिंब लावणे, याला फारसा खर्च येत नाही.