न फुटणाऱ्या कुलपाची परीक्षा

कुलूप विकणारा 'हे फुटायचे नाही' असे सांगतोच. शहाणे गिऱ्हाईक मात्र त्याला हिसका देऊन पाहते. प्रकाशकणांच्या गुप्तलेखनाचेही तसेच आहे.

१९८४ साली बंगळूरच्या परिषदेत चार्ल्स बेनेट व झील ब्रासार यांनी एक योजना मांडली. संदेशाची किल्लीच एकेका प्रकाशकणावरून पाठवावयाची. कण उभ्या-आडव्या किंवा तिरप्या, अशा दोहोंपैकी एका पद्धतीने मांडलेला असतो. देणाऱ्याची व घेणाऱ्याची पद्धत जुळेल तेवढीच उत्तरे ठेवावयाची. वाटेतला चोर निम्म्या वेळा पद्धत चुकतो, आणि चुकला म्हणजे उत्तर निम्म्या वेळा बिघडते. प्रत्येक कण तपासणारा चोर शेकडा २५ चुका मागे ठेवतो, आणि पकडला जातो.

पण चोर इतका भोळा कशाला असेल? तो मोजकेच कण हाताळील. शिवाय चुका काचतंतूच्या दोषानेही होतातच. म्हणून नियम असा, की दिसलेली प्रत्येक चूक चोराचीच मानावी; आणि एवढ्याच चुकांत अत्यंत हुशार चोर किती जाणू शकेल, ते काढावे. मूळ योजनेसाठी हे गणित कागदावर सुटले. शोर व प्रेस्किल यांनी २००० साली दाखविले, की सुमारे शेकडा ११ चुकांपर्यंत किल्ली सुरक्षित राखता येते. खरी यंत्रे मात्र इतकी सुबक नसतात. तेथे संगणक लागतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात यासाठी सॉफ्टवेअर तयार झाले आहे. दिसलेल्या चुकांशी जुळणाऱ्या सर्व हल्ल्यांतून ते सर्वांत घातक हल्ला शोधते. म्हणजे चोराचे अज्ञान कोठे कमीत कमी होते, ते पाहते. येथेच एक मेख आहे. शोध अर्धवट राहिला, तर खरा तळ आणखी खाली असतो आणि आपण फुकट निर्धास्त होतो! म्हणून दुसरी पायरी. या गणिताचा आकार कढईसारखा आहे. कढईला बाहेरून टेकविलेली सरळ पट्टी तिच्या वर कधीच जात नाही. त्या पट्टीवरून काढलेला आकडा थोडा कमी येईल, पण फसविणार नाही.

तरीही सॉफ्टवेअर तपासते ते कागदावरचे यंत्र. २०१० साली नॉर्वेतील ट्रॉन्डहेमच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रखर प्रकाशाने बाजारातल्या यंत्रांचे ग्राहक दिपवून किल्ली मिळविता येते, हे दाखवून दिले. गणित चुकले नव्हते. दिपणारा ग्राहक त्या गणितात धरलेलाच नव्हता. तेव्हा यापुढे कोणी 'अभेद्य' म्हणाले, की विचारावे : काय काय गृहीत धरून?