लाईट गेली, यूपीएस वाजतोय? एका जागेवरून अख्खी लॅब बंद करा. पण आधी हे वाचा

शाळेची संगणक खोली असो, एमएस-सीआयटी केंद्र असो की पतसंस्थेचं ऑफिस, लाईट गेली की चित्र सारखंच असतं. यूपीएस वाजायला लागतो, जुनी बॅटरी किती मिनिटं टिकेल याचा भरवसा नसतो आणि दहा-पंधरा संगणक बंद करत फिरायला माणूस एकच. शेवटी कुणीतरी मेन खटकाच पाडतो. चालू संगणकाचा करंट असा तुटला की उघडी फाईल खराब होऊ शकते. कधी कधी विंडोजही पुढच्या वेळी नीट सुरू होत नाही.

यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून 'शटडाउन' ही कमांड विंडोजसोबतच येते. एकाच नेटवर्कला जोडलेले संगणक तिच्या मदतीने एका जागेवरून बंद किंवा रीस्टार्ट करता येतात.

कमांड कशी असते?

स्टार्ट मेनूत 'सीएमडी' शोधून काळी खिडकी उघडायची. खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून मराठीत दिल्या आहेत. टाइप करताना हेच शब्द आणि अक्षरं इंग्रजीत टाकायची.

शटडाउन /एस /एम \\लॅब-07 /टी 120 /सी "लाईट गेली, काम सेव्ह करा"

यात 'एस' म्हणजे बंद कर. 'एम'नंतर दोन उलट्या तिरक्या रेघा आणि समोरच्या संगणकाचं नाव. 'टी' म्हणजे किती सेकंद थांबायचं. 'सी'नंतरचा निरोप समोरच्या स्क्रीनवर दिसतो. रीस्टार्ट करायचं असेल तर 'एस'च्या जागी 'आर' टाकायचं. संगणकाचं नाव माहीत नसेल तर त्या संगणकावर 'होस्टनेम' ही कमांड दिली की नाव दिसतं.

चुकून भलत्याच संगणकाला कमांड गेली, तर दिलेला वेळ संपायच्या आत ती मागे घेता येते:

शटडाउन /ए /एम \\लॅब-07

खरी मेख वेळेत आहे

दोन मिनिटं वेळ दिला म्हणजे विंडोज नेहमीसारखं 'फाईल सेव्ह करायची का?' असं विचारेल, असा अनेकांचा समज असतो. होतं उलटंच. वेळ शून्यापेक्षा जास्त दिला की सगळे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करण्याचा आदेश आपोआप लागू होतो. वेळ संपला की न विचारता सगळं बंद. समोर बसलेल्या पोराने अर्धा तास टाइप केलेलं सेव्ह नसेल तर ते गेलं.

वेळ लिहिलाच नाही तर विंडोज 30 सेकंद धरतं. तेवढ्यात निरोप वाचून सेव्ह करणं नवशिक्याला जमत नाही. म्हणून यूपीएस जेवढी मुभा देईल तेवढा वेळ द्यावा, निरोप जरूर टाकावा आणि खोलीत तोंडानेही सांगावं. ऑनलाईन परीक्षा चालू असेल तर पर्यवेक्षकांना विचारल्याशिवाय ही कमांड देऊच नये.

परवानगी नाकारली तर?

कुणीही उठून कुणाचाही संगणक बंद करू नये म्हणून विंडोजने कुलूप ठेवलं आहे. ज्या संगणकाला बंद करायचं, त्याच्यावर कमांड देणाऱ्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. तो नसेल तर 'ॲक्सेस इज डिनाइड' असं उत्तर येतं. गावातल्या बऱ्याच संगणकांना पासवर्डच नसतो. बिनपासवर्डच्या खात्यातून दुसऱ्या संगणकावर नेटवर्कने जाऊ द्यायचं नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. त्यामुळे पासवर्ड आधी लावावा लागतो. फायरवॉल आणि अधिकारांची बाकीची जुळणी संगणक दुरुस्तीवाल्याकडून एकदाच करून घ्यावी.

मात्र तो पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवू नये. सगळ्या पोरांना पासवर्ड माहीत झाला, तर कुणीही गंमत म्हणून अख्खी लॅब बंद पाडू शकतं.

लाईट जायच्या आधीची तयारी

नेटवर्कच्या सगळ्या वायरी ज्या पेटीत येतात, ती पेटीही यूपीएसवर हवी. संगणक यूपीएसवर आणि पेटी साध्या बोर्डावर असेल, तर लाईट जाताच पेटी बंद पडते आणि कमांड पोचतच नाही.

लाईट गेल्यावर पंधरा वेळा टाइप करत बसू नये. नोटपॅडमध्ये प्रत्येक संगणकासाठी एक ओळ लिहून फाईल 'डॉट बॅट' नावाने सेव्ह करून ठेवावी. वेळेला तिच्यावर डबल क्लिक केलं की सगळ्यांना कमांड जाते. या फाईलला 'शटडाउन' हेच नाव मात्र देऊ नये. तसं केलं तर खऱ्या कमांडऐवजी ती फाईल स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहते आणि एकही संगणक बंद होत नाही. ज्या संगणकावरून कमांड द्यायची, तो सगळ्यात शेवटी बंद करायचा.

बंद केलं, आता चालू कोण करणार?

बंद संगणक याच कमांडने चालू होत नाही. तिथे जाऊन बटण दाबावं लागतं, किंवा 'वेक ऑन लॅन' ही सोय आधीपासून लावलेली असावी लागते. दुसऱ्या इमारतीतला संगणक अडकला म्हणून इथून हलवायचा असेल, तर 'एस' नाही, 'आर' टाकायचं. एका अक्षराची चूक झाली तर तिथल्या कुलपाची किल्ली शोधत फिरावं लागतं.

या सगळ्याची रंगीत तालीम लाईट असताना, सेव्ह न केलेलं काही नसलेल्या एकाच संगणकावर करावी. तिथे निरोप दिसला, कमांड मागे घेता आली आणि संगणक नीट बंद झाला, की मग बाकीच्या संगणकांची नावं फाईलमध्ये टाकावीत.