निवेदन देण्याआधीचा गृहपाठ

आमदार-खासदारांना भेटायला निघण्याआधी आपले काम नेमके कोणाच्या हातातले आहे, हे शोधावे लागते. रावेर तालुक्यात तर आपला आमदार कोण, इथूनच सुरुवात होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तालुक्याचा काही भाग रावेर विधानसभा मतदारसंघात आहे, तर सावद्याकडचा भाग मुक्ताईनगरात मोडतो. सावद्याचा शेतकरी रावेरच्या आमदारांकडे गेला तर चहा मिळेल, पण पाठपुरावा दुसऱ्यानेच करायचा असतो. खासदार मात्र दोघांचा एकच.

मग विषय. रेल्वेगाडीला रावेर स्थानकात थांबा हवा असेल, तर आमदारांचे पत्र फारसे चालत नाही. थांब्याचा निर्णय रेल्वे बोर्डाकडे होतो, म्हणून खासदार गाठावा. गावातला जिल्हा परिषदेचा रस्ता घेऊन खासदारांकडे जाण्यातही अर्थ नाही.

केळीचा विमा हा सर्वांत गुंतागुंतीचा विषय. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केंद्र आणि राज्य दोघेही हप्त्याचा वाटा उचलतात. थंडी-उष्णतेची भरपाई ठरते ती बागेत जाऊन नव्हे, तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून. थंडीसाठी अलीकडच्या निकषांत किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली जावे लागते. म्हणून ‘थंडीने बाग गेली, न्याय द्या’ एवढ्या निवेदनाने काही हलत नाही. कोणते मंडळ, कोणत्या तारखा, केंद्राची नोंद किती आणि शेजारच्या मंडळाची किती, हे एका पानात मांडले तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. सोबत विमा पावती, सातबारा आणि तारखेसह बागेचे फोटो जोडावेत. वादळ-गारपिटीचे नुकसान ७२ तासांत कळवले होते, त्याची पोच असेल तर ती सर्वांत वर लावावी.

मागणी एकच असावी आणि समोरच्याला करता येईल अशी असावी. आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना देऊ शकतात. त्यासाठी अधिवेशनाआधी पुरेसे दिवस हाताशी हवेत. नागपूरचे अधिवेशन डिसेंबरात भरते, तेव्हा दिवाळी आटोपताच भेट घेतलेली बरी. खासदार रक्षा खडसे जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्याकडे संबंधित मंत्र्यांना पत्र किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे बैठक मागणे अधिक उपयोगी. हा फरक शिष्टमंडळांच्या सहसा ध्यानात येत नाही.

वेळ स्वीय सहायकाकडून घ्यावी. लग्नसराईत मांडवात निवेदन दिले, तर फोटो छान येतो आणि कागद गाडीतच राहतो. चार-पाच माणसे पुरतात. बोलणारा एकच आणि तोही नुकसान झालेला शेतकरी असावा. पुढारी मागे उभे राहिलेले चालतात.

निघताना निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. शिफारसपत्र गेले की त्याचा जावक क्रमांक टिपून ठेवावा, कारण कृषी कार्यालयात पुढची चौकशी त्याच क्रमांकावर होते. तिथे दाद लागली नाही, तर त्या पत्रावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.