नवं मीटर बसवलं आणि गाडी रुसली

आज आपण मोटारसायकलच्या मीटरबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला असं वाटेल, पण आपल्या चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी पट्ट्यात वायरी जोडण्याच्या कामावर किती जणी आहेत ते आठवून बघा. दिवसभर लाइनवर शेकडो कपलर दाबून बसवायचे, कुठली वायर कुठल्या खाचेत जाते ते तोंडपाठ. आणि घरची गाडी बिघडली की मात्र "ते गॅरेजवाल्याला कळतं" म्हणून गप्प बसायचं. हे आम्हाला काही पटत नाही.

दुसरं कारण पैशाचं. जुन्या गाडीचं काट्याचं मीटर बंद पडतं, कंपनीचं नवं महाग वाटतं, मग घरातला मुलगा मोबाइलवरून रंगीत डिजिटल मीटर मागवतो. मीटर स्वस्तात येतं, पण नंतर इंडिकेटर चालत नाही, बॅटरी उतरते, आणि गॅरेजच्या फेऱ्यांत गटातून उचललेलं कर्ज जातं. आमच्या गटातली एक ताई तर रात्री साडेअकराला दुसरी पाळी सुटल्यावर खराबवाडीच्या अलीकडे अंधारात गाडी ढकलत होती. मीटरवर पेट्रोलच्या दोन कांड्या दिसत होत्या, टाकी मात्र कोरडी. मुलीबाळींच्या हातात गाडी असते तेव्हा मीटरचं खोटं बोलणं ही साधी गोष्ट नाही.

सगळ्यात आधी अर्थिंग तपासा. इंडिकेटर दिला की मीटरमधले सगळे दिवे मिणमिणतात, ब्रेक दाबला की पडदा लुकलुकतो, असं होत असेल तर मीटरची उणे वायर नीट लागलेली नाही. करंटला परतायची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो. उपाय म्हणजे मीटरची उणे वायर थेट बॅटरीच्या उणे टोकाला न्यायची, किंवा चासीच्या बोल्टजवळचा रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर घट्ट आवळायची. आम्ही पाहिलेल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या.

वायरचा रंग बघून जोडू नका. हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची असते, बजाजच्या बहुतेक गाड्यांत काळी-पिवळी. बाहेरून आलेल्या मीटरमध्ये हिरवी वायर भलत्याच कामाची असू शकते. बारा व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरी लावून घ्या. एक टोक बॅटरीच्या उणेला, दुसरं तपासायच्या वायरीला. चावी बंद असतानाही बल्ब पेटला तर ती कायम चालू असलेली वायर. चावी फिरवल्यावरच पेटला तर ती चावीची वायर. या दोन वायरींतला फरक कळला की बॅटरी उतरण्याचं कोडंही सुटतं.

ते असं. बहुतेक डिजिटल मीटरला दोन अधिक वायरी असतात. एक घड्याळ आणि किलोमीटरची आठवण ठेवायला, ती थेट बॅटरीवर. दुसरी पडदा पेटवायला, ती चावीवर. जोडणाऱ्याने दोन्ही थेट बॅटरीवर लावल्या तर मीटर रात्रभर जागं राहतं. हिशोब करा. मीटर १०० मिलिअँपिअर करंट खात असेल आणि बॅटरी ५ अँपिअर-अवरची असेल, तर ५० तासांत बॅटरी रिकामी. म्हणजे बुधवारी रात्री लावलेली गाडी गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी कामाला निघताना सेल्फला दाद देणार नाही. उलट दोन्ही वायरी चावीवर लावल्या तर बॅटरी उतरत नाही, पण दर वेळी घड्याळ बारावर आणि ट्रिप शून्यावर येते. मीटर खराब म्हणून परत पाठवण्याआधी एवढं बघावं. खात्री करायची तर चावी बंद ठेवून बॅटरीची उणे वायर सोडवा आणि मल्टीमीटर करंटवर ठेवून मध्ये जोडा. दोन-चार मिलिअँपिअर आले तर ठीक, दहापट आले तर काहीतरी जागं आहे. मल्टीमीटर तसा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आता इंडिकेटर. यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, इंडिकेटर फार भराभर लुकलुकतो किंवा नुसताच पेटून राहतो. हे बहुधा मीटरसोबत एलईडी इंडिकेटर बसवल्यावर होतं. जुना फ्लॅशर दहा-दहा वॅटच्या दोन बल्बांच्या ओढीवर चालतो. एलईडी इतका थोडा करंट घेतो की फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेला. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला, काम होतं.

दुसरी तक्रार जास्त मजेदार आहे. डावा इंडिकेटर दिला की चारही बाजूंचे दिवे लागतात! मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला काय कळणार, गाडी कुठे वळणार ते? नाशिक हायवेवर हे जिवावर बेतू शकतं. कारण असं की बऱ्याच जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच छोटा बल्ब असतो, आणि तो डाव्या नि उजव्या वायरीच्या मध्ये टांगलेला असतो. त्याला स्वतःचं अर्थिंग नसतंच. डावी बाजू लागली की करंट छोट्या बल्बातून उजव्या बल्बांकडे जाऊन अर्थला मिळतो. तो इतका कमी असतो की उजवे बल्ब पेटत नाहीत. नव्या मीटरमधल्या एकाच दिव्याला मात्र एक अधिक आणि एक उणे वायर असते. मग जोडणारा डावी-उजवी दोन्ही वायर एकत्र पिळून अधिक वायरीला लावतो. झालं, डावं-उजवं एक झालं.

यावर उपाय म्हणजे दोन डायोड. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, विहिरीच्या पाइपातल्या फूट व्हॉल्व्हसारखा. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात १एन४००७ म्हणून मागा, काही रुपयांत मिळतो. एक डायोड डाव्या वायरीवर, एक उजव्या वायरीवर, दोघांच्या अंगावरची चंदेरी पट्टी मीटरच्या बाजूला, आणि पुढे दोन्ही टोकं एकत्र करून मीटरच्या इंडिकेटर वायरीला. वर श्रिंक स्लीव्ह चढवा. साधी टेप इंजिनाच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते.

न्यूट्रलचा हिरवा दिवा कायम लागलेला राहतो किंवा कधीच लागत नाही, त्याचं कारण अगदी वेगळं. गियर न्यूट्रलला आला की तिथला स्विच वायर अर्थला जोडतो, अधिक पाठवत नाही. मीटरच्या त्या दिव्याला अधिक हवं असेल तर ते जुळणार नाही. मीटरच्या कागदावर न्यूट्रल उणेवर चालतो का, ते मागवण्याआधीच बघून घ्या.

पेट्रोलच्या काट्याचं तसंच. टाकीतल्या फ्लोटसोबत एक रेझिस्टन्स बदलत जातो आणि मीटर तो मोजून कांड्या दाखवतं. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. मीटरच्या सेटिंगमध्ये १००, ५१० ओहम असे पर्याय असतात, चुकीचा निवडला की भरलेली टाकी अर्धी दिसते किंवा रिकामी टाकी दोन कांड्यांवर अडते. त्या ताईचं हेच झालं होतं. सेटिंग बदलल्यावर टाकी जवळजवळ रिकामी करून एकेक लिटर घालत कांड्या मोजा आणि वहीत लिहून ठेवा. तोवर ट्रिपच्या किलोमीटरवर भरवसा ठेवा.

वेग चुकीचा दाखवणंही सेटिंगचंच काम. मीटरला चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये सांगावा लागतो. टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर कुणाला तरी बसवा, चाक एक फेरा ढकला आणि टेपने मोजा. ८०/१००-१७ टायरचा घेर साधारण १८५९ मिलिमीटर येतो, वजनाने थोडा कमी. स्कूटरच्या ९०/१००-१० टायरचा १३६३ च्या आसपास. मोटारसायकलचा आकडा तसाच ठेवून स्कूटरला मीटर लावलं तर ३० च्या वेगाला ४१ दिसेल. आकडा एकदम दुप्पट किंवा निम्मा दिसला तर चाकावरच्या चुंबकांची संख्या सेटिंगमध्ये चुकली आहे. मधूनच शून्य होत असेल तर चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर वाढलंय, बोल्ट आवळा. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा उड्या मारत असेल तर ती वायर प्लगच्या जाड वायरीपासून आणि कॉइलपासून दूर घ्या.

फ्यूज वारंवार उडतो? मोठा फ्यूज घालू नका, आग लागेल. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. हँडलच्या मानेत चेपलेली वायर तिथेच सापडते. पावसात काचेवर आतून बाष्प धरत असेल तर मागच्या वायरीच्या तोंडाशी सिलिकॉन लावा, पण आधी उन्हात कोरडं करून.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला असलं मीटर लावू नका. तिथे इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा, एबीएसचा दिवा मीटरमध्येच असतो, आणि बऱ्याच गाड्यांत मीटर नि इंजिनाचा कंप्युटर आपसात बोलतात. ती भाषा या सर्वसाधारण मीटरला येत नाही. एबीएस बंद पडलं तरी तुम्हाला कळणार नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीची वायर कापली तर पुढे भांडण होतं, ते वेगळंच. आणि मीटर काढून तसंच फिरणंही चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११७ प्रमाणे मोटारसायकलला वेग दाखवणारं मीटर लागतंच.

जुनं मीटर भंगारात देऊ नका. काढण्याआधी त्यावरच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, तारीख लिहा, आणि प्रत्येक वायर कुठून निघाली ते पाटीवर किंवा कागदावर रेखाटून घ्या. पुढे गाडी विकताना नवं मीटर तीन हजार दाखवत असेल तर घेणाऱ्याला दोन्ही आकडे सांगावे लागतात. आमच्या गटात आता असा कागद गाडीच्या सीटखाली पिशवीत ठेवायची सवय लागली आहे, आणि टेस्टिंगचा बल्ब गटाच्या पेटीत आहे. ज्या ताईला हवा तिने नोंदवहीत सही करून न्यावा.